दुसऱ्याच्या हातचं इंजिन

सुलेमानभाईंचा ट्रक हातखंब्याच्या तिठ्यावरून गेला की दीपक मिस्त्री मुद्दाम पाठ फिरवायचा. इतकी वर्षं त्या जुन्या ट्रकला त्याच्याशिवाय कुणाचा हात लागला नव्हता. पण शिमग्यानंतर भाईंनी ट्रक नेला तो थेट अरीबकडे. मस्कतहून परत येऊन या अरीबने तिठ्यावरच्या दीपकच्या गॅरेजसमोरच, रस्त्यापलीकडे आपलं गॅरेज टाकलं होतं. त्याने जुनं इंजिन उतरवून नव्या मॉडेलचं बसवलं आणि चावी फिरवून स्टार्ट करायच्या जागी लाल बटण दिलं. भाई ते बटण येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत सुटले.

"नुसती नटवलीय गाडी," दीपक घरी बायकोला म्हणाला. "चिरे भरले की कळेल."

"तुमचं काय त्या ट्रकशी लगीन लागलं होतं?" मालनने विचारलं. दीपक जेवणाच्या ताटावरून उठला.

एका सकाळी जांभ्याचे चिरे भरून निघालेले भाई तिठ्यावरच्या टपरीवर चहाला थांबले. परत येऊन त्यांनी बटण दाबलं. इंजिन सुरू झालं, पण ते फिरवून चालू करणारा सेल्फ काही सुटेना. दात घासल्यासारखा कर्कश आवाज येत राहिला. भाईंनी बटण सोडलं, चावीही काढली. इंजिन मेलं, तरी सेल्फ त्याला गरागरा फिरवतच राहिला. बॉनेटखालून धूर निघाला.

"दीपक! अरे धाव!"

अरीबचं शटर अजून बंद होतं. दीपक पाना घेऊन धावला आणि त्याने बॅटरीची वायर सोडवली. सगळं एकदम शांत झालं. त्या शांततेत त्याच्या मनात आनंदाची उकळी फुटली. बघूच आता नव्या मिस्त्रीची करामत!

गाडी न्यूट्रलला आहे ना, बघून तो खाली शिरला. सेल्फला हुकूम देणारी बारीक वायर त्याने काढून बाजूला केली आणि भाईंना बॅटरी परत जोडायला लावली. सेल्फ हलला नाही. म्हणजे सेल्फ बरा होता, मागून त्याला कुणीतरी हुकूम सोडतच होतं. त्या सुट्या वायरला त्याने टेस्टचा दिवा लावला. बटणाला कुणाचं बोट नव्हतं, तरी दिवा लख्ख पेटला. वायर धरत धरत तो बटणामागच्या रिलेपर्यंत, म्हणजे सेल्फची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या डबीपर्यंत, पोचला आणि त्याने झाकण उचकटलं. आतले दोन्ही पॉइंट वितळून एकमेकांना चिकटले होते.

"ट्रकच्या एवढ्या मोठ्या सेल्फला कारमधला छोटा रिले!" टपरीवरच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला.

तेवढ्यात अरीब आला. दीपकने रिले त्याच्या नाकासमोर धरला. अरीबने तो उलटापालटा करून पाहिला.

"चूक माझीच, दीपकदादा. मोठा मिळाला नाही म्हणून तात्पुरता टाकला, नि बदलायचा राहिला."

भाई हसले, अरीबच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "होतं रे. माणूसच आहेस."

एकदा दीपकच्या हातून ऑइलचा नट ढिला राहिला होता, तेव्हा भाई असंच हसले होते, अशीच थाप मारली होती. ते हसू फक्त आपल्यासाठी आहे, असं तो इतकी वर्षं धरून चालला होता.

"भाई, त्याच्याकडे का नेलात?" न राहवून तो बोलून गेला.

भाई चकित झाले. "तुझ्याकडेच आलो होतो आधी. तू म्हणालास, ही गाडी आता भंगारात घाला."

दीपकला आठवलं. एका जीपखाली पडल्या पडल्या, बाहेर डोकंही न काढता तो तसं म्हणाला होता. तो गॅरेजमध्ये जाऊन मोठा रिले घेऊन आला.

"द्या, मी बसवतो," अरीब म्हणाला.

"तू टॉर्च धर," दीपक म्हणाला.

रिले बसला. भाईंनी बटण दाबलं, सेल्फने इंजिन उचललं आणि लगेच सोडलं. इंजिनाचा आवाज एकसारखा, दमदार होता. तो आवाज दीपकने मन लावून ऐकला. इंजिन अरीबने चोख बसवलं होतं, याचाच त्याला परत राग आला.

"बाकीची वायरिंग पण एकदा बघाल?" अरीबने दीपकला विचारलं.

"रविवारी आणा गाडी," दीपक भाईंकडे बघून म्हणाला. आणि लगेच पुढे, "इथे आणा. पलीकडे नाही."