नकाशावरची ‘आपली’

"यतीन, ‘आपली’ म्हणजे काय?"

ऑफिसच्या टेबलावरचा फोन यतीनने नेहमीसारखा मान आणि खांद्यात धरला होता. रुचाचा प्रश्न ऐकून तो हातात घेतला.

"कुठेयस तू?"

"कॉलेजला निघालेय ना. तुझा फोन टिंग टिंग करायला लागला. स्क्रीनवर ‘आपली’ म्हणून आलं. मला वाटलं, नवीन इंडियन स्टोअर असेल. गाडी स्लो केली, तर समोर सिमेट्रीचं गेट. मी आत आलेय."

यतीन डबीर हा मूळचा नागपूरचा. नेपरव्हिलला राहायचा आणि रोज ट्रेनने शिकागोला यायचा. दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हे त्याचं काम. ऑफिसात त्याचं नाव फारसं कोणी घेत नसे, पण नेपरव्हिलच्या मराठी मंडळींना तो हवाहवासा वाटे, तो त्याच्या फोनमधल्या नकाशामुळे. त्या नकाशात पेट्रोल पंप होते, बर्गरची दुकानं होती. देऊळ नव्हतं, कढीपत्ता मिळायचं दुकान नव्हतं, डबे देणाऱ्या नंदाकाकूंचं घर नव्हतं. यतीन त्या त्या जागी जाऊन उभा राही, नाव टाकी आणि पॉइंट सेव्ह करी. अशा सगळ्या जागांचा त्याने एक वेगळा गट केला होता. त्याचं नाव ‘आपलं’. कोणी नवीन जोडपं आलं, की यतीन तो गट त्यांच्या फोनवर घालून देई.

मागच्या मार्चमध्ये आठव्या महिन्यात त्याची आणि रुचाची मुलगी पोटातच गेली. रुचाने बघायला नको म्हटलं. ती हॉस्पिटलात असतानाच यतीन आणि मंडळातले जगन्नाथकाका बाळाला पुरून आले. लहान मुलांचा भाग सिमेट्रीच्या मागच्या कोपऱ्यात होता. तिथल्या सगळ्या नावाच्या फरश्या जमिनीला सपाट, बर्फ पडला की दिसणार नाहीत अशा. परत निघताना यतीनने सवयीने फोन काढला. नाव टाकल्याशिवाय पॉइंट सेव्ह होईना. नाव तर ठेवलंच नव्हतं. मग त्याने लिहिलं, ‘आपली’. पुढे नवीन जोडप्यांना द्यायला त्याने ‘आपलं’ गटाची वेगळी प्रत करून ठेवली. तिच्यात ‘आपली’ नव्हती, त्याच्या स्वतःच्या गटात मात्र होती.

रुचाने काही विचारलं नाही, म्हणून त्यानेही सांगितलं नाही. विचारलं तर सांगू, असं म्हणता म्हणता वर्ष होत आलं. पाळण्याचं खोकं गराजमधून कधी गेलं, कोणी नेलं, तेही दोघं बोलले नाहीत. रुचाने घराबाहेर पडणंच सोडलं होतं. जानेवारीत ती आपणहून म्हणाली, की कॉलेजात एखादा कोर्स घेते. आज ती पहिल्यांदाच एकटी, बर्फातून गाडी काढणार होती. म्हणून यतीनने स्वतःचा फोन तिच्या गाडीत लावून दिला. वाटेत ओळखीच्या जागा आल्या की तिला धीर वाटेल, म्हणून ‘आपलं’ गटाची सूचनाही चालू केली. ‘आपली’ त्याच गटात आहे हे तेव्हा तो विसरला होता की नव्हता, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

"रुचा, तू परत फीर," तो म्हणाला. "मी पुढची ट्रेन पकडून येतो. आपण दोघं जाऊ."

"नाही. आता आलेय. कुठे जायचं ते सांग."

मग त्याने सांगितलं. नकाशा गाडीच्या रस्त्यापर्यंतच आणतो, पुढची वाट त्याच्या पायांना पाठ होती. ख्रिसमसच्या झाडासारखी दोन झाडं दिसतील, त्यांच्या मधून सरळ. कुंपणाला लागून नळ आहे, त्याच्या अलीकडे. गाडीची काच साफ करायचा ब्रश सोबत घे, बर्फ भुसभुशीत असला तर त्याने निघेल. फोनमधून तिचे बूट बर्फात रुतल्याचे आवाज येत होते, मग ब्रशचे.

"इथे मायकेल लिहिलंय."

"त्याच्या डावीकडे."

पुन्हा ब्रश. मग ब्रशचा आवाज थांबला.

"बेबी गर्ल डबीर," रुचाने वाचलं. "एकच तारीख आहे."

"हो."

"तुला इतकी नीट वाट कशी माहीत?"

"शुक्रवारी येतो. ट्रेनच्या आधी."

शुक्रवारी यतीन लवकर निघायचा. स्टेशनवर पार्किंग मिळत नाही, असं तो सांगायचा.

"मला वाटायचं, तू सगळं पुसून टाकलंस," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "म्हणून मी तुझ्यासमोर रडायची नाही."

यतीनला बोलायचं होतं. तुला त्रास नको म्हणून गप्प राहिलो, असं काहीतरी. पण ते वाक्य त्याने मनात इतक्यांदा म्हटलं होतं, की आता ते खोटं वाटायला लागलं होतं. "चुकलं माझं," एवढंच तो म्हणाला.

तिने ऐकलं की नाही, कळलं नाही. फोन तिने बहुतेक खाली ठेवला असावा, कारण आवाज आता लांबून येत होता. ब्रश नव्हता, हाताने, हळूहळू, कडाकडांनी बर्फ काढल्यासारखा आवाज होता. आणि मग ती बोलायला लागली.

"किती गं गार पडलीस," ती म्हणाली.

हे आपल्याशी नाही, हे यतीनला लगेच कळलं. रुचाचा असा आवाज त्याने कधी ऐकला नव्हता. वर्षभर कुठे ठेवला होता तिने तो? पुढचे शब्द यायच्या आत त्याने रिसीव्हर कानापासून दूर केला आणि टेबलावर पालथा ठेवला. फोन मात्र तोडला नाही.

मीटिंगला चल म्हणून सांगायला शेजारचा कृष्णा आला. यतीनने मान हलवली आणि घरचा फोन आहे म्हणून सांगितलं. कृष्णाने पालथ्या रिसीव्हरकडे बघितलं, यतीनच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि काही न विचारता निघून गेला.

खिडकीबाहेर पुन्हा भुरभुर सुरू झाली होती. जाता-येता कोणी रिसीव्हर उचलून जागेवर ठेवू नये, म्हणून यतीन त्याच्यावर हात ठेवून बसून राहिला. तळहाताखाली तिच्या आवाजाची बारीकशी थरथर लागत होती.