बाटलीतलं सार

जपानमधल्या अकिताच्या डोंगरांत, आमच्या खोऱ्यात माणसं पन्नाशीतच मेंदूतल्या रक्तस्रावानं जात. आरोग्य केंद्राची नर्स म्हणून मृत्यूच्या नोंदी मीच ठेवायची: दर पाच मयतांत दोन, बहुतेक हिवाळ्यात. कारण मीठ. लोणच्यात, खारवलेल्या माशांत, आणि तिन्ही त्रिकाळ मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या खारट सोयाबीनच्या, सारात.

म्हणून मी दर महिन्याला प्रत्येक घरून साराची बाटली मागवून मीठ मोजायची. सार सौम्य असेल त्या घरची फेरी कमी करायची. घरं बत्तीस, नर्स एक, आणि बर्फात दिवसाला चारच घरं होत.

तीन वर्षांत आलेखाची रेघ छान उतरली. किनुएच्या घरचा आकडा सगळ्यांत चांगला. तिच्या नवऱ्याचा, तोकुजीचा, रक्तदाब जास्त होता, तरी नोव्हेंबरात मी ते घर फेरीतून वगळलं.

फेब्रुवारीत तो दारातला बर्फ उपसताना कोसळला. दुसऱ्या दिवशी गेला.

सातव्या दिवशी मी भेटायला गेले. किनुएच्या सासूनं, तोमे आजीनं, पुढ्यात वाडगा ठेवला. "घ्या बाई, गारठून आलात."

एका घोटात खारटपणानं जीभ आखडली.

"किनुए, हे रोजचंच सार?"

"रोजचंच."

"मग बाटलीतलं?"

तिनं मान खाली घातली. "त्यात निम्मं गरम पाणी घालायचे. एवढ्या बर्फातून तुम्ही येता, बाई. तुमच्या हातात वाईट आकडा कसा ठेवायचा?"

"माझ्या साराला पाणी?" तोमे आजी कडाडली. "माझ्या? चाळीस वर्षांत कुणी नाव ठेवलं नाही!"

"तुमचंच नाव राखत होते, सासूबाई."

मदतीला आलेल्या शेजारणी भांडी विसळत होत्या. मी त्यांच्याकडे वळले. "आणि तुमच्याकडे?"

हात थांबले. म्हातारी योशिए म्हणाली, "आम्ही निम्मं नाही हो घालत. थोडंसंच."

त्या दुपारी मी आलेख फाडला आणि बत्तीसही घरं पुन्हा फेरीत घेतली. कोण किती पाणी घालतं ते विचारून घेतलं; निम्मं घालणारी आधी. योशिएचा मुलगाही रक्तदाबाचा, पण ती थोडंसंच म्हणाली होती, म्हणून तिचं घर सहाव्या दिवशी ठेवलं.

सहाव्या दिवशी तिच्या दाराशी पोचले, तेव्हा मयताचा कागदी कंदील टांगलेला होता.