चौकोनी खुंटी

तांबड्या पेन्सिलीचं टोक त्या वाक्यावर टेकलेलं... ना पुढे, ना मागे. ‘अवर वसुधाबाई इज अ स्क्वेअर पेग इन अ राउंड होल.’ अर्थ वसुधानेच काल फळ्यावर लिहून दिला होता — गोल भोकात चौकोनी खुंटी. चारचौघांत न बसणारं माणूस. वाक्यात उपयोग करा, म्हणाली होती. केला कार्टीने! अकरावीतल्या शुभाचं अक्षर टपोरं, व्याकरण चोख. चूक काढणार तरी कुठे? कपाळ!

घाटकोपरच्या या शाळेत वसुधाचं हे तिसरं वर्ष. मधल्या सुट्टीत बाकीच्या बाया डबे उघडून एकमेकींना भाजी वाढतात आणि ती खिडकीशी वह्या तपासत बसते. नवरा नागपुरात, दुसरीबरोबर. म्हणजे धड सवाष्ण नाही, विधवाही नाही... संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं दरवर्षी तिच्या खुर्चीला वळसा घालून जातं. ‘तू मुलुंडहून कुठे येतेस गं’, त्यांच्यातली जयंती एकदा म्हणाली होती — मुलुंड जसं काही विलायतेत! आणि तरी दर जानेवारीत मी वाट बघते. कुणी विसरून का होईना, एकदा कुंकवाचं बोट माझ्यापुढे करावं.

आज सुलक्षणा करंडा घेऊन आली. दिवाळीनंतर शाळेत लागलेली, लग्नाला वर्ष न झालेली. तिला अजून कुणी काही सांगितलं नसावं. तिने जयंतीला कुंकू लावलं, प्रेमाबाईंना लावलं आणि सरळ खिडकीकडे आली. जयंतीचा घास हातातच राहिला.

“वसुधाताई, शनिवारी घरी यायचं हं.”

बोट कपाळापासून वीतभर अंतरावर आणि वसुधाने मान मागे घेतली.

“नको गं. मला ताप आहे.”

सुलक्षणाने बोट करंड्याच्या काठाला पुसलं. प्रेमाबाईंनी लोणचं कुणाला हवंय, विचारलं.

ताप! कसला ताप? तीन वर्षं यांच्या नावाने बोटं मोडली आणि आज जागा झाली, तर मीच... भीती वाटली, खरंच वाटली. शनिवारी तिच्या सासूने ‘यजमान कुठे असतात’ म्हणून विचारलं असतं, त्याची? की ते बोट टेकलं असतं, तर मग रागवायला कुणी उरलंच नसतं — त्याची?

घंटा झाली. बाया डबे आवरून उठल्या. वसुधाने शुभाच्या वाक्यावर बरोबरची खूण केली, वही मिटली आणि कुणी बघत नाहीसं पाहून कपाळाला हात लावला. गार होतं.