केडगावच्या बाईंची बावीस पानं

चैत्रातल्या दुपारी सरोजबाई पानं पिसत, तेव्हा उसाच्या वाळल्या पाचटावरून वारा जावा तसा आवाज त्या कौलारू खोलीभर पसरे. खिडकीतलं पिवळं ऊन त्यांच्या कृश, रंगाचे डाग मुरलेल्या बोटांवर स्थिरावे. आणि आईला वरवंडहून मोटारसायकलवर घेऊन आलेला मी उंबऱ्याशी बसून त्या बोटांवर नजर रोखून असे, चोराच्या हातांवर ठेवावी तशी.

बाई केडगावातल्या निवृत्त चित्रकला शिक्षिका. माझ्या धाकट्या बहिणीला, उज्ज्वलाला, त्यांनीच शिकवलेलं. उज्ज्वला घर सोडून गेली त्याला तिसरं वर्ष लागलं होतं. पाव्हण्यारावळ्यांत, पोलिसांत विचारून थकलेली आई अखेर या भविष्य सांगणाऱ्या टॅरोच्या पानांपाशी आली होती. बावीसही पानं बाईंनी स्वतः रंगवलेली, आणि त्यांवरची दैवतं दूरच्या ग्रीकांची: पाताळाच्या राजाने हरण केलेली, हाती फुटलं डाळिंब धरलेली कन्या, तिच्या शोधात रानोमाळ भटकणारी धान्यदेवता, जिच्या शोकाने पृथ्वीवर अंकुर फुटेनासा झाला. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक हिब्रू अक्षर. भिंतीवर ज्यू गूढवाद्यांचा दहा वर्तुळांचा, बावीस वाटांचा वृक्ष, ईश्वरापासून मातीपर्यंत उतरत आलेला. धान्यदेवतेच्या अक्षराचा अर्थ ‘दार’, असं बाई शांतपणे सांगत, आणि घरी डाळिंबाची एवढी बाग असलेली माझी आई त्या चित्रातल्या एका फळाकडे डोळे भरून पाहत राही.

बाई काही मागत नसत. म्हणूनच माझा संशय अधिक गडद होत गेला. पान उलटण्याआधी त्या क्षणभर थांबत; त्या थांबण्यात ध्यान होतं की कावा, हे मला उमगत नसे. लेक सुखरूप आहे, असं त्या सांगत. पुढे, लेकीला मुलगी झाली, असंही सांगितलं. आईचा चेहरा उजळे आणि माझ्या मनात कुसळासारखं काही रुतून बसे.

एके दिवशी मला शेतात काही काम निघालं म्हणून आई एकटीच जाऊन आली. संध्याकाळी ओसरीवर भाजी निवडताना तिने मला सहज विचारलं, “उजीचं मनगट कवा मोडलं हुतं रं? बाई म्हनत्यात, आता दुखत न्हाई.”

मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेलो. उज्ज्वलाच्या हातातला फोन हिसकावताना मी तिचं मनगट पिरगाळलं होतं, आणि आतून झालेला बारीकसा आवाज आम्हा दोघांनाच ऐकू आला होता. दुसऱ्या दिवशी ती गेली. हे कुठल्याही पानात असणं शक्य नव्हतं.

सकाळीच मी केडगाव गाठलं. बाई कुंचले धूत होत्या. माझी बहीण कुठे आहे, तुम्ही माझ्या आईला का फसवता, असं मी जमेल तेवढ्या कठोर आवाजात विचारलं. त्यांनी कुंचले एकेक करून फडक्यावर मांडले.

“पानांनी नाही सांगितलं, तिनंच सांगितलं,” त्या म्हणाल्या. “खुशाली आईपर्यंत पोचवा म्हणाली. पत्ता देऊ नका म्हणाली.”

“आईला पण न्हाई?”

“आई तुमच्यापासून काही लपवू शकत नाही, म्हणून.”

इतके महिने मी त्यांच्यावर पहारा ठेवत होतो, आणि त्या माझ्यावर.

त्या दिवशी घरी येऊन मी आईला मनगटाचं सगळं सांगितलं. चारच दिवसांनी, मला न सांगता, ती केडगावला गेली. आणि मी कबूल केलं हे बाईंकडून कळल्यावर उज्ज्वला तिथे आपल्या मुलीला घेऊन आईला भेटली. त्यानंतर मायलेकी भेटत राहिल्या.

गेल्या पावसाळ्यात बाई वारल्या. आई आता लेकीच्या घरीच जाते. मी तिला हायवेवर सोडतो आणि ती कोणत्या बाजूची एसटी धरते हे न पाहता माघारी वळतो. वळताना मान अवघडते, इतकी ती पाहण्याची सवय जुनी आहे. उज्ज्वलाचा चेहरा माझ्या स्मरणात ऋतूगणिक फिकट होत चालला आहे. पण हात पिरगाळला तेव्हा ती ओरडली नव्हती, ती शांतता मात्र इतक्या वर्षांत एवढीशीही पुसट झालेली नाही.