जुळवलेलं रीडिंग

"सर, दुरुस्त केलंय. आता सही द्याल?"

कल्पिताने जर्नलचं पान उघडून सलिलसमोर धरलं. प्रयोगशाळेच्या नळाचं पाणी किती जड आहे, ते मोजायचा प्रयोग. ब्युरेटच्या, म्हणजे द्रावण थेंबथेंब सोडायच्या मापनळीच्या, तीन रीडिंगांवर व्हाइटनरचा जाड थर होता आणि त्यावर नेटक्या अक्षरांत लिहिलं होतं: ३.४, ३.४, ३.४.

वर्तकनगरजवळच्या या कॉलेजात सलिल तासावर शिकवायला लागला, त्याला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. पण या सत्रात त्याने नाव काढलं होतं. चौसष्ट जर्नलांचे फोटो काढायचे, एआयला अपेक्षित उत्तर आणि गुणांची वाटणी सांगायची, की चहा निवेपर्यंत गुण आणि शेरे दोन्ही तयार. विभागप्रमुख हेमा मॅडमनी स्टाफरूममध्ये त्याला उभं करून सगळ्यांना ते दाखवायला लावलं होतं. त्याचीही कॉलर ताठ झाली होती, खोटं कशाला बोला.

कल्पिताला मिळाले होते वीसपैकी चार. आठच्या खाली गेलं की विषय राहतो. शेरा होता, 'रीडिंग अपेक्षित मर्यादेबाहेर. मनाने लिहिलेली दिसतात. प्रामाणिकपणे काम करावे.' स्क्रीनवरचा तो शेरा लाल पेनाने तिच्या जर्नलवर सलिलनेच उतरवला होता. उतरवताना शेजारची रीडिंग त्याने पाहिलीही नव्हती.

"आधी किती आलेलं?" पेनाचं टोपण काढता काढता त्याने सहज विचारलं.

"आठवत नाही, सर."

"चौदा तरी असणार," पलीकडे बेसिनपाशी ब्युरेट धुणारे सहदेवकाका म्हणाले. प्रयोगशाळेचं सगळं सामान त्यांच्याच ताब्यात असे. "त्या दिवशी टँकर आलेला ना, सर. पाइप फुटलेला, तीन दिवस टाकीत बोअरचं पाणी, सगळ्या बॅचना तेच. माझ्या बरण्यांवर पांढरे डाग पडलेत ते अजून जात नाहीत. आणि एवढ्या जड पाण्याचा तीन मिलीत रंग बदलतोय? काय बोलता!"

सलिलचं पेन हवेतच राहिलं.

बोअरचं पाणी जड असतं हे डोंबिवलीत त्याची आईही सांगेल. त्यात डाळ शिजत नाही. मग एकेक गोष्ट त्याला आठवू लागली. त्या दिवशी तो याच टेबलाशी बसून आधीच्या बॅचच्या जर्नलांचे फोटो चढवत होता. कुणीतरी मुलगी जवळ येऊन म्हणाली होती, "सर, तीनच्या पुढे गेलं तरी निळा रंग येतच नाहीये." त्याने मानही वर न करता सांगितलं होतं, "हळू टाक, येईल."

बाकीच्या त्रेसष्ट जणांनी मग ३.४ आणलं कुठून? हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. मागच्या वर्षीच्या जर्नलातून. रीडिंग 'जुळवणं' ही इथली जुनी विद्या. बीएस्सीला याच ओट्यापाशी उभं राहून त्यानेही एका सिनियरच्या जर्नलातून ३.४ जुळवलं होतं. आणि एआयला अपेक्षित उत्तर द्यायची वेळ आली, तेव्हा माळ्यावरून आपलं तेच जर्नल काढून त्यातला आकडा टाइप केला होता. यंत्राने तो निमूट खरा धरला आणि वर्गातल्या एकुलत्या एक खऱ्या आकड्याला खोटं ठरवलं.

"तू थांब इथेच," एवढं म्हणून तो मॅडमच्या केबिनकडे गेला.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. "पाचला गुण भरायचं पोर्टल बंद होतंय, सलिल. तिचे सोळा कर आणि विषय संपव."

"पण बाकीच्यांचं काय, मॅडम? त्यांना मी अठरा-अठरा दिलेत. ती सगळी रीडिंग खोटी आहेत."

"मग मुदतवाढ मागावी लागेल. अर्जात कारण लागतं. काय लिहिशील? आम्ही जर्नल वाचलीच नाहीत?" त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पुढच्या वर्षी तुझे तास चालू राहावेत असं मला वाटतं. तुलाही वाटत असेलच."

केबिनमधून बाहेर पडताना क्षणभर त्याला हायसं वाटलं. सोळा करायचे, सुटलो. असं वाटलं, याचीच त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली.

कल्पिता होती तिथेच उभी होती.

"तुझं चौदाच्या आसपास आलेलं ना?"

"चौदा पॉइंट दोन," ती पटकन बोलून गेली आणि लगेच बावरली. "म्हणजे माझंच चुकलं असेल, सर. तीनदा केलेलं मी. सगळे हसत होते. म्हणे, येडी आहेस का, जुळव ना!"

"मग जुळवलं का नाहीस?"

"जे आलं तेच लिहिलेलं." तिने पानाकडे पाहिलं. "आता जुळवलंय."

सलिलने जर्नल ओढून घेतलं. आपलाच शेरा खोडला आणि खाली लिहिलं: '१४.२ हे रीडिंग बरोबर होते. मी ते न पाहता गुण दिले. अपेक्षित उत्तरही मीच चुकीचे दिले होते.' खाली सही केली, तारीख टाकली.

"हेच मी मुदतवाढीच्या अर्जात लिहिणार आहे," तो म्हणाला. "सगळ्यांचा प्रयोग परत होईल. तुझा नाही."

कल्पिताने ते दोनदा वाचलं. मग दरवाजाकडे एक नजर टाकून, आवाज खाली आणून म्हणाली, "सर, जर्नल परीक्षेला एक्स्टर्नल एक्झॅमिनर बघतात. तुमचं नाव खराब होईल. मी पान बदलून आणू का? सगळं नीट उतरवते, कुणाला कळणारसुद्धा नाही."

तिच्या चेहऱ्यावर खरीच काळजी होती. दीड वर्षात त्याने शिकवलेलं हे एवढंच तिला चोख जमलं होतं.

"नको," सलिल म्हणाला, आणि तिच्या नजरेला नजर न देता त्याने अर्जासाठी कोरा कागद पुढे घेतला.