भैरोबाच्या माळावरचा झरा

माझा स्वभाव संशयी. फौजेत पहारे दिल्यावर माणूस असा होतोच. त्यात आमची डोंगरावरची वाडी एका झऱ्यावर जगणारी. पाण्याची चौकशी करणाऱ्याला इथं कुणी सरळ उत्तर देत नाही.

अजमल मोजणीदार झऱ्यांची नोंद करायला आष्ट्याहून आला. त्याच्या फोनवर इंग्रजांच्या काळातला डोंगराचा नकाशा होता. भैरोबाच्या माळावर निळा ठिपका.

"लालासाहेबकाका, झरा हितंच न्हवं?"

"व्हय. उन्हाळ्यात आटतोय," मी म्हणालो.

साफ खोटं. खरा झरा दिसला तर त्याच्याभोवतीचं रान सरकारजमा होईल, या भीतीनं आमच्या पणजोबांनी माळावर घागरी ओतून चिखल केला आणि गोऱ्या साहेबाला तो दाखवला. तेव्हापासून परक्याला माळच दाखवायचा, ही वाडीची रीत.

"मग बरोबर हाय," अजमल म्हणाला. "झऱ्यावरनं रस्ता न्हेता येत न्हाई. म्हणून पवनचक्कीवाल्यांनी तो जांभळीच्या घळीतनं काढलाय. आता सुरुंग लावनार हायती. तितं पाणी न्हाई न्हवं?"

खरा झरा त्याच घळीत आहे.

हा कंपनीचाच माणूस, आमच्या तोंडून खरं काढून घेतोय, असं वाटलं. "तू कुणाचा?" मी विचारलं. पाणी अडवणाऱ्या संस्थेचं कार्ड त्यानं पुढं केलं. कार्ड काय, लग्नाचंही छापून मिळतं.

"भावजी, गप ऱ्हावा," बनुवहिनी मागून पुटपुटली.

पण गप्प राहून काय होणार? पोरगा लबाड निघाला तरी सुरुंग लागणारच होता. खरा निघाला तर झरा वाचेल. मी त्याला घळीत नेलं. पणजोबांची मनातल्या मनात माफी मागितली.

अजमल ओंजळीनं पाणी प्यायला. नकाशावर नवी खूण केली.

"आता माळावरचा ठिपका पुसतो."

"ऱ्हाऊ दे."

"काका, तितं पाणी न्हाई. अन् दोनी ठेवलं तर रस्त्याला ह्या अंगानं वाटच उरत न्हाई."

"साहेबानं सोता बघितलाय. त्येच्यावर तुजा इस्वास न्हाई व्हय?"

तो हसला. पुसत नाही म्हणाला.

मोजणीदाराच्या शब्दावर कुणी राहावं? रोज सकाळी मी झऱ्यावरून एक घागर भरतो, माळावर नेतो आणि ओतून येतो.