तळघरातला बॉयलर आणि ओसरीची नळी

मी एक जुना बॉयलर आहे, मित्रांनो. अमेरिकेतल्या मेन राज्यात, एका लाकडी घराच्या तळघरात माझा मुक्काम असतो. मी बिडाचा आहे, म्हणून अंगाने जड आणि, खरं सांगायचं तर, स्वभावाने संशयी. मी पाणी तापवतो, ते नळ्यांतून घरभर फिरतं आणि गार होऊन माझ्याकडे परत येतं. अनातोल आजोबांनी मला इथे बसवलं. हिवाळ्याच्या तोंडावर ते, पाणी अडू नये म्हणून, नळ्यांत साठलेली हवा काढत आणि माझ्या पाठीवर थाप मारत. तेवढ्या थापेवर मी हिवाळा काढत असे.

यंदा आजोबा जिन्यावरून पडले. मग त्यांची सून क्लोडेट हिने मागची ओसरी बंदिस्त करून त्यांची खाट तिथे मांडली. पाठोपाठ नळवाला आला. वाकवाकून मला न्याहाळू लागला. मला वाटलं, हा मला भंगारात काढणार! पण त्याने माझ्यापासून ओसरीपर्यंत नवी नळी नेली आणि तिथे ऊब कमीजास्त करायची वेगळी कळ बसवली.

"वेगळी कळ कशाला?" आजोबा गुरगुरले. "आज वेगळी ऊब, उद्या वेगळी चूल, परवा वृद्धाश्रम. मी काय दूधखुळा आहे?"

"अहो पापा, तुम्हाला थंडी जास्त वाजते. तुमच्यापुरती वाढवा, म्हणजे आम्ही तिकडे उकडून निघणार नाही."

"गोड बोलू नकोस!"

मलाही कुठेतरी पाणी मुरतंय असंच वाटलं. आजोबांनी हट्टाने कळ बंद ठेवली. कळीने मागितल्याशिवाय मला तिकडे पाणी धाडता येत नाही. सगळं घर उबेत, आणि ज्याने मला जपलं तोच कोट घालून कुडकुडतोय! मला फार वाईट वाटलं.

मग हिमवादळ आलं. क्लोडेट वाटाण्याचं सूप घेऊन ओसरीवर गेली. आजोबांनी दोन्ही हात वाडग्याभोवती धरले. तिने कळीला हात लावला नाही.

"तुमच्यासाठी नका फिरवू कळ," ती म्हणाली. "पण ती नळी गोठून फुटली आणि सगळं पाणी वाहून गेलं, तर खाली तुमच्या बॉयलरचं काय होईल, ते तुम्हीच सांगा."

आजोबांनी वाडगा बाजूला ठेवला. मग काठी टेकत उठले.

"माझ्यासाठी नाही हं. त्या खालच्या म्हाताऱ्यासाठी."

"कोणासाठी का असेना," क्लोडेट डोळे पुसत म्हणाली. "मला या घरात दोन्ही म्हातारे हवेत."

कळ फिरली. मी पेटलो आणि होतं नव्हतं तेवढं ऊन पाणी ओसरीकडे सोडलं.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्यांच्या नळ्यांतली हवा वेळच्या वेळी काढा, पाठीवर एखादी थाप मारा. आणि थंडी वाजली, तर मनात अढी धरून गारठत बसू नका. मागा. मी तळघरात तयारच असतो.